मासोळीचा सातबारा

१. ताजी आहे का, आणि कुठली आहे?

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारात मासोळी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न हमखास विचारतं : ताजी आहे ना? मग कल्ले उचलून पाहिले जातात, डोळे निरखले जातात, पाठीवर बोट दाबलं जातं. लाल कल्ले, फुगीर आणि स्वच्छ डोळे, दाबल्यावर लगेच वर येणारं मांस, तळ्याच्या पाण्यासारखा सौम्य वास. ही पारख पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि ती खरी आहे.

पण कल्ले सगळंच सांगत नाहीत. तळ्यात त्या माशाला कोणतं औषध दिलं गेलं, वाटेत पेटी किती तास उन्हात राहिली, बर्फ कोणत्या पाण्याचा होता, हे डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही. त्यासाठी दुसरा प्रश्न विचारावा लागतो : मासोळी कुठली?

कोकणातल्या बंदरावर हा प्रश्न सोपा आहे, कारण होडी समोर उभी असते. वऱ्हाडात तो अवघड होतो. मुंबईहून अकोला रेल्वेने साधारण ५८० किलोमीटर, अमरावतीजवळचं बडनेरा त्याहूनही पुढे. तरी इथल्या बाजारात माल कमी नाही. महानजवळचं काटेपूर्णा धरण, तेल्हारा तालुक्यातलं वान, मोर्शीजवळ सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा, अशा जलाशयांतून कटला, रोहू, मृगळ येते. त्यात शेततळ्यांतल्या मासोळीची भर पडते. आंध्रातल्या कोल्लेरू परिसरात वाढवलेली रोहू ट्रकमधून देशभर जाते. बांगडा, सुरमई पश्चिम किनाऱ्यावरून बर्फात येतात. सुकट आणि सुके बोंबील पोत्यांतून. एकाच विक्रेत्याच्या फळीवर चार-पाच ठिकाणचं पाणी एकत्र येतं, आणि कापून तुकडे केल्यावर कोणता तुकडा कुठला हे त्यालाही सांगता येत नाही.

कधीकधी तर मासोळीचं नावही खात्रीचं नसतं. थाई मांगूर या जातीच्या पालनावर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातली, कारण हा हावरा मासा स्थानिक जाती फस्त करतो आणि अनेकदा घाणेरड्या पाण्यात, कत्तलखान्याच्या टाकाऊ मांसावर वाढवला जातो. देशी मांगूर त्याच्यासारखाच दिसतो. फळीवर पडलेल्या माशाकडे पाहून सामान्य माणसाला दोघांत फरक करणं कठीण. इथेही उत्तर माशापाशी नसतं, तो जिथून आला तिथे असतं.

२. मासोळी नासते तेव्हा

मासा मेला की त्याच्या शरीरातले पाचकरस त्याच्याच मांसावर काम करू लागतात, आणि कल्ल्यांतले, आतड्यांतले, कातडीवरचे जिवाणू वाढू लागतात. दोन्हींचा वेग तापमानावर ठरतो. नीट बर्फात ठेवलेली रोहू दहा-बारा दिवस खाण्यालायक राहू शकते. तीच मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना उघड्या पाटीत ठेवली, तर काही तासांत हातची जाते. अकोल्याचा उन्हाळा देशातल्या सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी आहे, त्यामुळे इथला मासोळीचा धंदा मुळात उन्हाशी चाललेली शर्यत आहे.

समुद्री माशांत आणखी एक धोका असतो. बांगडा, तारली, कुपा (म्हणजे टुना) यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा गरम राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगावर चट्टे उठतात, डोकं दुखतं, आणि घरचे समजतात की माशाची ॲलर्जी झाली. हिस्टामाइन शिजवून जात नाही. तळा, उकळा, ते तसंच राहतं. रोहू-कटल्यात ही अडचण नाही. म्हणून रेल्वेने आलेल्या बांगड्याची पेटी कधी भरली आणि वाटेत बर्फ होता का, ही माहिती विक्रेत्याला रोहूच्या बाबतीत लागते त्याहून जास्त निकडीने लागते.

३. बर्फाचं गणित

किती बर्फ पुरेसा? हा हिशेब कागदावर करता येतो. समजा, काटेपूर्णा जलाशयातून २५ किलो रोहू निघाली आणि तिचं तापमान ३० अंश आहे. ती शून्यावर आणायची आहे. एक किलो मासोळी एका अंशाने थंड करायला साधारण ०.८ किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. म्हणजे २५ × ०.८ × ३० = ६०० किलोकॅलरी. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. ६०० ला ८० ने भागलं की उत्तर येतं साडेसात किलो.

एवढा बर्फ फक्त मासोळी थंड करण्यात संपतो. पेटीच्या भिंतींतून आत येणारी उष्णता, दर गिऱ्हाइकामागे उघडणारं झाकण आणि महान ते अकोला रस्त्यावरचं ऊन हे सगळं त्यानंतर. म्हणून उष्ण प्रदेशात मासोळीइतकाच बर्फ, किलोला किलो, हे प्रमाण सांगितलं जातं. ज्या पेटीत २५ किलो मालाला पाच-सहा किलो बर्फ घातलेला असतो, ती दिसते थंड, पण मधल्या थरातली मासोळी कधीच शून्याला पोहोचत नाही.

लादीचे मोठे तुकडे ठेवण्यापेक्षा बारीक चुरा चांगला, कारण तो माशाला सगळीकडून लागतो. तळाला बर्फ, मग मासोळी, मग पुन्हा बर्फ, आणि वितळलेलं पाणी निघून जाण्यासाठी पेटीला खाली भोक. ते पाणी जिवाणूंनी भरलेलं असतं. त्यातच मासोळी पडून राहिली तर बर्फाचा अर्धा फायदा वाया जातो.

बर्फ कोणत्या पाण्याचा, हाही प्रश्न आहेच. मासोळीला थेट लागणारा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा हवा. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंगवण्याचा नियम लागू केला, म्हणजे सरबताच्या गाडीवर आणि ताटात जाणारा बर्फ नुसत्या नजरेने ओळखता यावा. बर्फाच्या कारखान्याकडून पावती घेऊन ठेवणाऱ्या मासोळी विक्रेत्याकडे एक दुवा पक्का असतो. बहुतेकांकडे ती पावती नसते.

४. गोव्यात २०१८ साली काय घडलं

बर्फ कमी पडला की काही व्यापारी फॉर्मालिनकडे वळतात. फॉर्मालिन म्हणजे फॉर्मल्डिहाइड वायूचं पाण्यातलं द्रावण, प्रयोगशाळेत मृत शरीरं टिकवण्यासाठी वापरतात ते. फॉर्मल्डिहाइड कर्करोगाला कारणीभूत ठरतं, म्हणून मासोळीत ते मिसळायला भारतात मनाई आहे. काही माशांत ते थोड्या प्रमाणात आपोआपही तयार होतं. गोड्या पाण्यातल्या माशांसाठी अशा नैसर्गिक अंशाची मर्यादा किलोला ४ मिलिग्रॅम ठरवलेली आहे.

जुलै २०१८ मध्ये मडगावच्या ठोक मासळी बाजारात गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासणी केली. जागेवरच्या झटपट चाचणीत फॉर्मालिनचा अंश दिसल्याची बातमी फुटली. त्यानंतर प्रयोगशाळेच्या अहवालाचा हवाला देऊन प्रमाण मर्यादेत असल्याचं सांगितलं गेलं. तोवर लोकांचा विश्वास उडाला होता. मासळीवर जगणाऱ्या गोव्यात लोकांनी मासळी खाणं सोडलं, आणि सरकारला काही दिवस परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर बंदी घालावी लागली.

वर्षाच्या अखेरीस गोव्याने अट घातली : बाहेरून मासळी आणणाऱ्या व्यापाऱ्याची अन्न सुरक्षा नोंदणी हवी आणि गाडी उष्णतारोधक हवी. याचा फटका शेजारच्या सिंधुदुर्गाला बसला. मालवण-वेंगुर्ल्याहून पहाटेची मासळी साध्या टेम्पोत घालून काही तासांत गोव्यात पोहोचवणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना सीमेवर अडवलं गेलं. त्यांची मासळी लांबच्या राज्यांतून दोन-तीन दिवसांचा प्रवास करून आलेल्या मालापेक्षा ताजी होती. पण ती ताजी आहे हे दाखवणारा कागद त्यांच्याजवळ नव्हता. संशय कोणा दुसऱ्याच्या मालावर होता, आणि धंदा त्यांचाही बसला.

असंच काहीसं १९९७ मध्ये देशाच्या पातळीवर घडलं होतं. साल्मोनेला जिवाणू आढळल्यावरून युरोपीय संघाने त्या वर्षी भारतातून येणारी मासळी काही काळ बंद केली. स्वच्छ काम करणारे कारखानेही त्यात अडकले.

५. एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे

वेगवेगळ्या देशांच्या कायद्यांमागे जी कल्पना आहे, ती वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला परकी वाटायला नको. जमिनीचा सातबारा आणि फेरफार जसा वावर कोणाकडून कोणाकडे आलं ते सांगतो, तशीच नोंद मासोळीची ठेवायची. फरक इतकाच की वावर जागचं हलत नाही, आणि मासोळी एका दिवसात चार हात बदलते.

या चारही हातांचा पूर्ण इतिहास एकट्याने लिहायचा नाही, ही यातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट. युरोपीय संघाने २००५ पासून लागू केलेला नियम साधा आहे : माल कोणाकडून घेतला ते माहीत हवं आणि कोणत्या धंद्याला दिला ते माहीत हवं. एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे. घरी नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव लिहायची गरज नाही. साखळीतल्या प्रत्येकाने आपली दोन पावलं लिहिली की ताटापासून तळ्यापर्यंतचा रस्ता जोडला जातो.

भारतात २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आहे. त्याच्या कलम २६ मध्ये एक तरतूद आहे, जी प्रत्येक छोट्या विक्रेत्याने समजून घ्यावी. एखाद्या लॉटमधला थोडा माल असुरक्षित निघाला, तर उरलेला माल बरा आहे असं तपासात ठरेपर्यंत त्या प्रकारचा तो संपूर्ण लॉट असुरक्षित धरला जातो. लॉट म्हणजे एका ठिकाणाहून, एका वेळी आलेला माल. ज्याने लॉट वेगळे ठेवले त्याचं नुकसान एका लॉटपुरतं राहतं. ज्याने सगळं एकत्र केलं, त्याच्या सगळ्या फळीचा एकच लॉट होतो.

उदाहरण घेऊ. अमरावतीतल्या एका चिल्लर विक्रेतीने मंगळवारी सकाळी ६० किलो माल घेतला : अप्पर वर्ध्याच्या मच्छीमार संस्थेकडून ३० किलो कटला-रोहू, ठोक बाजारातल्या अडत्याकडून १८ किलो आंध्रची रोहू, आणि रेल्वेने आलेला १२ किलो बांगडा. दुपारी एका खानावळीतून फोन आला : बांगडा खाल्लेल्या चौघांच्या अंगावर लाल चट्टे उठले आहेत.

वही नसेल तर तिच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. साठही किलोंवर संशय, आणि संध्याकाळपर्यंत बाजारभर बोभाटा. वही असेल तर चित्र वेगळं. बांगड्याचा लॉट १२ किलोंचा. त्यातला ५ किलो या खानावळीला गेला, ४ किलो बसस्थानकाजवळच्या हॉटेलला, ३ किलो अजून पेटीत. हॉटेलला एक फोन, की बांगडा शिजवू नका. पेटीतले ३ किलो बाजूला. माल पाठवणाऱ्याला दुसरा फोन, पेटीच्या खुणेसह, म्हणजे तोही त्याच गाडीतला बाकीचा माल थांबवू शकेल. ४८ किलो रोहू-कटल्याचा याच्याशी संबंध नाही, आणि ते दाखवता येतं. याच कायद्याच्या कलम ८० मध्ये, योग्य ती सगळी काळजी घेतली होती असं दाखवता आलं तर तो बचाव धरला जातो. मासोळीच्या धंद्यात ती काळजी दाखवायला अशा वहीइतकं सोपं साधन दुसरं नाही.

६. वही कोणी लिहायची?

वहीत लागतं ते थोडकं : तारीख आणि वेळ, कोणाकडून घेतली (नाव, फोन, नोंदणी क्रमांक), कोणती मासोळी आणि कुठल्या पाण्यातली, किती किलो, आली तेव्हा पेटीत बर्फ होता की पाणी, लॉटची खूण, आणि कोणत्या हॉटेलला किंवा विक्रेत्याला किती दिली. खूण सोपी ठेवावी. ८ जुलैला अप्पर वर्ध्याहून आलेल्या पेटीवर मार्करने ‘८-७ अव’ लिहिलं की झालं. तीच खूण वहीत, तीच बिलावर.

साखळी सर्वांत जास्त वेळा तुटते ती उरलेल्या मालापाशी. कालची मासोळी आजच्या मासोळीवर ओतली की दोन लॉट एक झाले, आणि कालची खूण पुसली गेली. कालच्या मालाला वेगळी पेटी, एवढं एक जरी पाळलं तरी बरंच काही वाचतं.

हे सगळं पाटी घेऊन बसलेल्या बाईवर टाकणं मात्र अन्यायाचं होईल. वऱ्हाडात चिल्लर विक्री पुष्कळदा भोई, धीवर कुटुंबांतल्या स्त्रिया करतात. पहाटे माल घ्यायचा, साफ करायचा, कापायचा, विकायचा, घरी जाऊन स्वयंपाक करायचा, आणि वर वही लिहायची? नोंद जिथे मुळात होतेच, तिथून सुरुवात व्हायला हवी. राज्यातले बहुतेक जलाशय मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना मासेमारीसाठी ठेक्याने दिले जातात. सभासदाने आणलेली मासोळी काट्यावर मोजली जाते, कारण त्यावर त्याचे पैसे ठरतात. अडत्याच्या चोपडीत माल कोणी घेतला ते असतं, कारण त्यावर त्याची वसुली ठरते. हॉटेलकडे बिल असतं. म्हणजे मागोव्याची बरीचशी सामग्री आजच तीन वेगवेगळ्या कागदांवर लिहिलेली आहे. कमी आहे ती तिन्हींना जोडणारी एक समान खूण. संस्थेने काट्यावरच पेटीला खूण दिली, अडत्याने ती पुसली नाही आणि चिठ्ठीवर उतरवली, तर बाजारातल्या बाईला नवं काही लिहावं लागत नाही. चिठ्ठी जपून ठेवली की पुरे. लिहिता येत नसेल तर पेटीचा आणि चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढावा. त्यावर तारीख-वेळ आपोआप पडते.

७. चौदा आकडे

नोंदणीची भीती बऱ्याच जणांना वाटते. ती मुख्यतः माहिती नसल्यामुळे. २०११ च्या नियमावलीने वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंतची उलाढाल असलेल्या किरकोळ व्यावसायिकांना, फेरीवाल्यांना, हातगाडीवाल्यांना परवान्यातून सूट दिली आणि फक्त नोंदणी ठेवली, तीही वर्षाला १०० रुपये शुल्कात. त्यापुढच्या धंद्याला त्या नियमावलीने परवाना ठेवला. अर्ज ऑनलाइन करावा लागतो. ज्याला ते जमत नाही त्याला सेवा केंद्रात जाऊन करून घेता येतो.

नोंदणी झाली की चौदा आकडी क्रमांक मिळतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्य सांगतात. जानेवारी २०२२ पासून अन्नपदार्थांच्या बिलावर हा क्रमांक छापणं बंधनकारक आहे. म्हणून अडत्याकडून माल घेताना बिल मागणं हा आगाऊपणा नव्हे. ते बिल म्हणजे चिल्लर विक्रेत्याचं ‘एक पाऊल मागे’. आणि ठोक व्यापाऱ्याने माल चांगला असल्याची लेखी हमी द्यावी, अशी तरतूद त्याच कलम २६ मध्ये आहे.

८. खारपाणपट्ट्यातून पुढे

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. तिथलं भूजल पिकाला चालत नाही, माणसालाही नाही. पण खाऱ्या भूजलावर कोळंबी वाढू शकते, हे समुद्र नसलेल्या हरियाणाने दाखवलं आहे. रोहतकजवळ लाहली इथे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने त्यावर काम केलं. वऱ्हाडात ही वाट धरणाऱ्या शेतकऱ्याने पहिल्या दिवसापासून वही ठेवावी, कारण कोळंबीची मोठी बाजारपेठ परदेशात आहे आणि तिथे विचारणा तळ्यापर्यंत जाते.

क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानसारखी प्रतिजैविकं मत्स्यपालनात वापरायला मनाई आहे. त्यांचा अंश सापडला की माल परत येतो, आणि मग शोध सुरू होतो की तो कोणत्या तळ्याचा. बीज कोणत्या उबवणी केंद्रातून आणलं, खाद्य कोणतं दिलं, औषध कोणतं आणि कधी टाकलं, काढणी कोणत्या दिवशी केली, या चार नोंदी नसतील तर उत्तर मिळत नाही. अमेरिकेने २०१८ पासून आयात होणाऱ्या काही मासळीसाठी, आणि त्याच वर्षअखेर कोळंबीसाठी, पकडण्या-वाढवण्यापासूनच्या नोंदी मागायला सुरुवात केली. तिथला आणखी एक नियम मासळीसह ठरावीक अन्नपदार्थांच्या नोंदी चोवीस तासांत सादर करायला सांगतो. त्याची मुदत आता जुलै २०२८ पर्यंत पुढे गेली आहे.

देशातही पावलं त्याच दिशेला पडत आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंच सुरू केला. मच्छीमार, मत्स्यपालक, विक्रेते, सहकारी संस्था सगळ्यांना त्यावर नाव नोंदवता येतं. त्याच वर्षी मंजूर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धी सह-योजनेत छोट्या उद्योगांनी सुरक्षितता आणि गुणवत्तेची व्यवस्था उभारली तर त्यासाठी अनुदानाची सोय आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये जागतिक मत्स्यव्यवसाय दिनी मासळीच्या मागोव्याचा राष्ट्रीय आराखडाही जाहीर झाला.

९. वही चालते का, हे कसं तपासायचं?

मोठे कारखाने वर्षातून एक-दोनदा मुद्दाम खोटी तक्रार धरून चालतात आणि माल किती वेळात सापडतो ते पाहतात. हीच चाचणी संस्थेला किंवा विक्रेत्याला घरच्या घरी करता येते. आठवड्यापूर्वीचं हॉटेलचं एक बिल उचलायचं. त्यावरची खूण पाहायची. आपल्या वहीत ती खूण शोधून माल कोणाकडून आला ते काढायचं, त्याला फोन करायचा आणि विचारायचं की ही पेटी कोणत्या जलाशयातली, कोणत्या दिवशी काट्यावर आली. मग उलट दिशेने : त्याच लॉटची बाकी मासोळी आणखी कोणाकोणाला गेली, आणि सगळ्यांची बेरीज घेतलेल्या किलोंशी जुळते का? ३० किलो घेतले आणि वहीत ३४ किलो विकल्याचं दिसत असेल, तर कुठेतरी दुसऱ्या लॉटची मासोळी त्यात मिसळली आहे. २६ दिसत असेल, तर साफसफाईत गेलेलं वजन आणि टाकून दिलेला माल लिहायचा राहिला आहे. ही चाचणी तासाभरात पूर्ण झाली तर वही चालते. नाही झाली, तर कोणत्या टप्प्यावर अडली ते पाहून तिथली नोंद आधी दुरुस्त करायची. अनेकदा ती जागा म्हणजे अडत्याची चिठ्ठी असते, ज्यावर फक्त किलो आणि रुपये लिहिलेले असतात.